दोन पॅनल आणि एक पॉवर स्टेशन: वॉट नंतर, आधी व्होल्ट बघा

तुम्ही विचारलंय की ५१२ वॉट-अवरच्या पॉवर स्टेशनला, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या बॅटरीच्या पेटीला, १०० वॉटचे दोन घडीचे सोलर पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक साखळीसारखे, जोडले तर चालेल का. स्टेशनवर सोलर इनपुटसाठी लिहिलंय १२ ते ४८ व्होल्ट, १० अँपिअर, कमाल २०० वॉट. पॅनलच्या मागे ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे पुढे काहीच जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज, २३.५. सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते, दोघांचे मिळून ४७, म्हणजे ४८ च्या आत. वापर निफाडला, मळ्यावर.

सिरीजमध्ये जोडू नका. स्टिकरवरचा तो २३.५ चा आकडा पॅनल २५ अंशांवर असतानाचा आहे. सिलिकॉनचा पॅनल जसा गार होतो तसं त्याचं व्होल्टेज वाढतं, साधारण एका अंशाला ०.३ टक्के. निफाडला थंडीत पारा ५ अंशांवर येतो. २० अंशांचा फरक म्हणजे ६ टक्के वाढ आणि ४७ चे झाले जवळजवळ ५०. हे घडतं सकाळी, ऊन कोवळं असताना, कारण व्होल्टेज यायला कडक ऊन लागतच नाही. जास्तीचे अँपिअर स्टेशन ओढतच नाही, त्यामुळे तिथे धोका कमी. जास्तीचं व्होल्टेज मात्र थेट आतल्या चार्ज कंट्रोलरवर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या सर्किटवर, येतं, तो जळू शकतो आणि बहुतेक वेळा वॉरंटीही मिळत नाही.

तुमच्यासाठी पॅरलल बरोबर. पॅरलल म्हणजे दोन्ही पॅनल शेजारी-शेजारी एकाच जोडावर. त्यासाठी वाय आकाराचे एमसी-४ (सोलर केबलचे प्लग) जोड मिळतात. प्लसला प्लस, मायनसला मायनस. व्होल्टेज २३.५ च राहील, करंट दहाच्या आसपास जाईल. एवढ्या करंटला बारीक वायर तापते आणि वाटेतच वीज खाते, म्हणून ४ स्क्वेअर एमएमची सोलर केबल घ्या आणि ती लांबवू नका. पॅरललमध्ये एका पॅनलवर झाडाची सावली पडली तरी दुसरा आपलं काम करत राहतो, मळ्यावर हे फार उपयोगी.

स्टेशनला लावण्याआधी केबलच्या शेवटच्या टोकाला मल्टीमीटर धराच. डीसीवर ठेवा, लाल पिन प्लसला. आकड्याआधी मायनसची खूण दिसली तर टोकं उलटी आहेत. तयार अ‍ॅडॉप्टर केबलमध्येही ध्रुव उलटे निघू शकतात. काढताना आधी पॅनल मिटा किंवा झाका, मग एमसी-४ सोडवा. चालू करंटवर ओढलं तर डीसीची ठिणगी तुटत नाही, प्लास्टिक वितळतं.

२०० वॉट स्क्रीनवर दिसणार नाहीत. एप्रिलच्या उन्हात पॅनल ६० अंशांच्या पुढे तापतो आणि तेवढ्यानेच १५ टक्के जातात. १४०-१५० दिसले तर सगळं ठीक आहे. रिकामं स्टेशन चांगल्या उन्हात चारेक तासांत भरेल. डिसेंबरात पॅनल दक्षिणेकडे तोंड करून चाळीसेक अंशांत उभे करा, मेमध्ये जवळपास आडवे. खालून हवा खेळती ठेवा. फवारणीचा थर बसला असेल तर सकाळी, पॅनल गार असताना ओल्या फडक्याने पुसा.

स्टेशन मात्र सावलीतच. पॅनलच्या मागच्या सावलीत नको, तिथे गरम हवा कोंडते. शेडमध्ये, पंख्याच्या जाळ्या मोकळ्या ठेवून. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करायची नसते, बहुतेक स्टेशनं तिथे स्वतःच थांबतात. पावसाळ्यात वापर नसेल तर ५०-६० टक्के भरून कोरड्या जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी चार्ज बघा.

तुमच्या स्टेशनचा इनपुट एक्सटी-६० (जास्त करंटचा दोन पिनांचा प्लग) आहे की गोल पिनचा, ते कळवा. गोल पिन असेल तर १० अँपिअर तिला झेपतात का, ते आधी बघावं लागेल.