"भेटू कधीतरी" म्हणजे नक्की कधी?

मावशी,
मी सांगलीची. सप्टेंबरात मास्टर्ससाठी स्पेनमध्ये सालामांकाला आले. दोन स्पॅनिश मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. वर्गातल्या मुली गोड बोलतात, निघताना "आ वेर सी केदामोस", भेटू कधीतरी, म्हणतात. दोन महिने झाले, एकीचाही फोन नाही. संध्याकाळी सहाला पोटात कावळे ओरडतात, तेव्हा हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद. मांस नको म्हणून सांगितलं तर सॅलडमध्ये ट्यूना घालून आणतात. मी फोडणी दिली की फ्लॅटमेट खिडकी उघडतात. कॅफेत काउंटरवरची माणसं नुसती खेकसतात. आईला रोज "मजेत आहे" सांगते आणि फोन ठेवून रडते. ख्रिसमसला घरी यावं आणि परत जाऊच नये असं वाटतंय. माझं चुकलं का?

अगं बाळा,
तुझं खरं दुखणं ट्यूना नाही, न आलेला फोन आहे. म्हणून आधी तेच बघू.

सांगलीत बाजारात कुणी ओळखीचं भेटलं की निघताना काय म्हणतं? "या की एकदा घरी." आपण दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभे राहतो का? नाही. आणि त्या बाई खोटारड्या आहेत असंही म्हणत नाही. "आ वेर सी केदामोस" तंतोतंत तेच आहे. ते आमंत्रण नाही, निरोप आहे. पण "रविवारी पाचला येऊ का?" असं विचारलं की त्याच बाई पोहे करून वाट बघतात ना? मग तिथेही वार आणि वेळ तू सांगायची. "गुरुवारी साडेआठला, घड्याळाखाली." प्लाथा मायोर म्हणजे गावातला मोठा चौक, तिथल्या घड्याळाखाली भेटायचं ही त्या गावची जुनी रीत आहे, पत्ता समजावावा लागत नाही. आणि घरी कुणी बोलावलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तिकडे मैत्री घरात नाही, बारमध्ये होते. दारू पीत नसशील तर "मोस्तो" माग, द्राक्षाचा रस. कुणी ढुंकून बघत नाही. सोबत बशीत काहीतरी खायचं येईल, ते मात्र खाण्याआधी बघून घे!

मी फार वर्षांपूर्वी त्याच गावात एक वर्ष काढलंय, म्हणून पुढचं जरा हक्काने बोलते. तू मनात इंग्रजी बोलतेस आणि मग त्याचं स्पॅनिश करतेस. पत्रातल्या "खेकसतात"वरून ते कळलं. तू काउंटरवर जाऊन मला कृपया एक कॉफी मिळू शकेल का, असं काहीतरी लांबलचक म्हणत असशील. शेजारचा म्हातारा नुसतं म्हणतो, "पोनमे उन काफे." कॉफी दे. तो उद्धट नाही. तू टपरीवर "एक चहा द्या की" म्हणतेस तेव्हा उद्धट असतेस का? कृपया हा शब्द आपणही रेल्वेच्या घोषणेसाठीच राखून ठेवलाय. मान आवाजात असतो, तिथेही.

भाषेचंही तेच. "मला आंबे आवडतात" हे इंग्रजीतून गेलीस तर उलटं होतं, आवडण्याचं काम "मी" करायला लागते. मराठीतून जा: "मे गुस्तान लोस मांगोस." मला, आवडतात, आंबे. आंबे अनेक म्हणून क्रियापदही अनेकवचनी, आपल्यासारखंच. इंग्रज विद्यार्थी या एका वाक्याशी महिनोनमहिने झगडतात, तुला ते आजीने फुकट दिलंय. "टोमाटे" म्हणत असलीस तर सोड, "तोमाते" म्हण. त्यांचे त आणि द आपलेच आहेत.

आता भूक. त्यांची जेवणं उशिरा नाहीत, घड्याळ पुढे आहे. स्पेन बराचसा इंग्लंडच्या रेषेत, पण १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं तासभर पुढे सरकवून मध्य युरोपशी जुळवली, ती मागे आलीच नाहीत. सालामांका तर पार पश्चिमेला. तिथे हिवाळ्यातही सूर्य डोक्यावर येतो तो एक वाजून गेल्यावर, उन्हाळ्यात दोन वाजून गेल्यावर. म्हणजे त्यांचं अडीचचं जेवण उन्हाच्या हिशेबाने आपलं साडेबारा-एकचंच. आणि सहाला त्यांनाही भूक लागते. त्या वेळच्या खाण्याला "मेरिएन्दा" म्हणतात, ते तुला कुणी सांगितलं नाही एवढंच. चहा-बिस्किटाची वेळ समज आणि खा.

"सिन कार्ने" म्हणजे मांस नको. मासा त्यांच्या लेखी "कार्ने" नव्हे, कधीकधी खामोनचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडेसुद्धा नव्हेत! म्हणून यादीच म्हणायची: कार्ने नको, खामोन नको, आतून नको. आतून म्हणजे तुझा ट्यूना.

खिडकीचं सोडून दे. हिंगाचा वास सांगलीतल्या शेजाऱ्यांनाही कळतो. त्यापेक्षा असं कर. सालामांकाच्या उत्तरेला ला आर्मुन्या नावाचा भाग आहे, तिथली मसूर स्पेनभर नावाजलेली. ते लोक मसुरात चोरिथो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, घालून शिजवतात. तू इस्लामपूरच्या शेजारची पोर, तुला अख्खा मसूर कुणी शिकवायला नको. शनिवारीच सामान आण, रविवारी दुकानं बंद असतात. रविवारी अडीचला दोघींना बसव, भाकरीऐवजी पाव. तिखट निम्मं घाल, मग त्याच्याही निम्मं. जेवण झालं की भांडी घासायला उठू नकोस. जेवणानंतर त्याच टेबलाशी तासभर गप्पा मारत बसायचं, याला "सोब्रेमेसा" म्हणतात, आणि ओळख खरी होते ती तिथेच. दोघी एकदम बोलतील, मोठ्याने बोलतील. भांडण नाही ते. आपल्या लग्नघरासारखं मध्येच तोंड घाल.

तिकिटाचं. ख्रिसमसला ये, त्यात हार कसली? पण तुझं परदेशी नागरिकाचं कार्ड हातात आलंय का ते आधी बघ. व्हिसाची मुदत संपली असेल आणि कार्ड मिळालं नसेल, तर परत शिरायला वेगळी परवानगी काढावी लागते, आणि त्या कचेरीची वेळ मिळणं हेच एक व्रत असतं. परतीचं तिकीट काढूनच ये. "जाऊच नये" हा निर्णय सांगलीतल्या गादीवर पडून घ्यायचा नाही. सुट्टीपूर्वीच्या एका गुरुवारी सालामांकाची मुलं प्लाथा मायोरमध्ये नवं वर्ष आधीच साजरं करतात. त्या दिवसापर्यंत तरी थांब. मात्र झोप आणि जेवण खरोखरच उडालं असेल, आठवडेच्या आठवडे, तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस, विद्यापीठातल्या समुपदेशकाला आत्ताच गाठ.

आईला रोज मजेत आहे सांगू नकोस, तिला आवाजावरून कळतं. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. तुझ्या रविवारच्या अडीचला तिच्याकडे सात वाजलेले असतात, ती स्वतःच स्वयंपाकाला लागलेली असेल. त्याच्या तासभर आधी फोन कर आणि विचार, की अख्ख्या मसुराला पाणी किती घालू. तुला माहीत असलं तरी विचार.