ठाणे खाडीतल्या पक्ष्यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या) जुन्या दप्तरात कशा शोधायच्या?

तुम्ही ठाण्यात कोपरीला राहत असाल, तरी संस्थेच्या फोर्टातल्या कचेरीत, हॉर्नबिल हाउसला, लगेच धाव घेऊ नका. निम्मं काम घरी होतं. संस्था १८८३ची, तिचं जर्नल १८८६ पासूनचं, आणि त्याचे बरेच जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

सुरुवात पक्षितज्ज्ञ सालीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांच्या मुंबई-साष्टीच्या पक्ष्यांवरच्या लेखमालेने करा. ती १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्नलमध्ये भागाभागाने आली. तिथून मागे जा.

खरी अडचण गावांच्या नावांची. ठाण्याचं आजचं स्पेलिंग (Thane) टाकलंत तर जवळजवळ काहीच सापडणार नाही. तेव्हा शेवटी 'ई' नव्हे, 'ए' लिहीत (Thana). त्याआधी 'टॅना', दोन 'एन' घालून (Tanna). स्कॅनचा मजकूर संगणकाने वाचलेला असल्यामुळे 'एच'चं कधी 'एल-आय' होतं (Tliana), म्हणून तेही टाकून पाहा. 'सालसेट' (म्हणजे साष्टी) लिहिलं असेल तर जागा ठाणे असू शकते, वांद्रेही. 'ठाणे जिल्हा' म्हणजे आजचा पालघरसुद्धा. पनवेल-उरण मात्र कुलाबा जिल्ह्यात (आजच्या रायगडात) शोधा.

पक्ष्यांची शास्त्रीय नावंही बदललीत. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या पक्ष्यांवरच्या चार खंडांत (१८८९–९८) प्रत्येक जातीखाली आधीची नावं दिलेली आहेत. तिथून यादी करून घ्या.

लांबलचक लेखांपेक्षा अंकाच्या शेवटची किरकोळ टिपणं जास्त कामाची. टिपणाखाली लेखकाचं गाव आणि तारीख असते. ती लिहून घ्या, खंडाचं वर्ष नको: एकेक खंड दोन-दोन वर्षांवर पसरलेला असतो.

आता संस्थेला ईमेल करा. खंड, पान, जात आणि संस्थेने जपलेल्या पक्ष्यांच्या कातडी-नमुन्यांपैकी कोणत्याची चिठ्ठी बघायचीय, एवढं नेमकं लिहा. 'खाडीचं सगळं दाखवा' म्हटलं तर कोणी काय दाखवणार? फोटोची परवानगी आधीच मागा. चिठ्ठीवर नुसतं 'बॉम्बे' असेल तर तो नमुना खाडीचा धरू नका; पक्षी बाजारातून घेतलेलाही असू शकतो.

शेवटचं, आणि इथे बरेच जण घसरतात: नोंद नाही म्हणजे पक्षी नव्हता असं नाही. लिहिणारे बरेचसे शिकारी साहेब. बदकं आणि पाणलावे (स्नाइप) त्यांनी हौसेने मोजले, चिखलातल्या बारक्या तुतारी पक्ष्यांकडे (सँडपायपर) कोण बघतो! रोहित (फ्लेमिंगो) मात्र वेगळा. त्याचे मोठे थवे इथे १९९०च्या दशकापासून येऊ लागले, त्यामुळे जुन्या खंडांत ते दिसले नाहीत तर शोधण्यात चूक झाली असं समजू नका.