सात टक्के व्याज आणि जेल रोडची शाखा

प्रश्न : वय 57. नाशिकरोडला जेल रोड भागात आईसोबत राहते. सातपूरला नोकरी, पुढच्या वर्षी निवृत्ती. माझं पगाराचं खातं, लॉकर आणि 82 वर्षांच्या आईचं कुटुंब निवृत्तिवेतन, सगळं घराजवळच्या एकाच राष्ट्रीयीकृत बँकेत पंचवीसेक वर्षांपासून आहे. वडील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. बचत खात्यात सध्या 7 लाख 40 हजार पडून आहेत, व्याज अडीच टक्के. तिथेच एक वर्षाच्या मुदत ठेवीला 6.25 टक्के मिळतात. घरखर्च महिन्याला 40 हजार. पुण्याचा मुलगा म्हणतो, हा वेडेपणा आहे. एका स्मॉल फायनान्स बँकेत बचत खात्यावरच सात टक्के मिळतात, सगळं तिकडे हलव. त्या बँकेची शाखा गंगापूर रोडला आहे, तिचं पत्रक सोबत पाठवतेय. शिवाय एक खासगी बँक 50 हजार सरासरी शिलकीवर कॅशबॅक आणि 3,000 रुपयांचं व्हाउचर देते. मैत्रीण पतसंस्थेत 9 टक्क्यांनी ठेवायला सांगते. पण आईला 80 पूर्ण झाली तेव्हा वाढीव निवृत्तिवेतन सुरू झालं नव्हतं, ते शाखेतल्या अधिकारीबाईंनी पाठपुरावा करून सुरू करून दिलं. अशी बँक सोडवत नाही. मी भावनेत वाहवत चाललेय का?

उत्तर : ताई, नमस्कार. तुम्ही भावनेत वाहवत नाही आहात. पण मुलगाही चुकीचं बोलत नाही. साडेसात लाखांच्या आसपासची रक्कम अडीच टक्क्यांवर ठेवणं हे नुकसानच आहे, आणि ते तुम्ही बरीच वर्षं सोसत आला असाल. फक्त त्यासाठी बँक बदलायला हवी, हे मला पटत नाही. का, ते तुम्ही पाठवलेल्या पत्रकातल्याच आकड्यांनी सांगतो.

त्या पत्रकात सात टक्के ठळक आहेत, पण खाली बारीक अक्षरांत टप्पे दिलेत : पहिल्या एक लाखावर 3 टक्के, एक ते पाच लाखांवर 5 टक्के आणि पाच लाखांच्या वरच्या रकमेवर 7 टक्के. एक लाखाच्या वर शिलकीनुसार वेगळा दर द्यायला बँकांना 2011 पासून मोकळीक आहे, त्यामुळे यात गैर काही नाही. पण तुमच्या रकमेचं गणित मांडा. पहिल्या लाखाचे 3,000, पुढच्या चार लाखांचे 20,000, उरलेल्या 2 लाख 40 हजारांचे 16,800. एकूण 39,800 रुपये, म्हणजे सरासरी जेमतेम 5.4 टक्के.

आणि या पत्रकात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट पुढे आहे. बँक अडचणीत आली तर ठेव विमा महामंडळाकडून, म्हणजे डीआयसीजीसीकडून, एका ठेवीदाराला एका बँकेमागे जास्तीत जास्त 5 लाख रुपये मिळतात, मुद्दल आणि व्याज धरून. सगळ्या शाखांतली, बचत, मुदत, सगळी खाती एकत्र मोजली जातात. म्हणजे ज्या रकमेवर सात टक्के मिळणार, नेमकी तीच रक्कम विम्याबाहेर. ती बँक वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्मॉल फायनान्स बँकांना रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि हा विमा त्यांनाही लागू आहे. पण पीएमसी या सहकारी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येत होते, आणि विम्याची मर्यादा तेव्हा अवघी एक लाख होती. ती 5 लाख झाली 4 फेब्रुवारी 2020 पासून. 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर विम्याचे पैसे 90 दिवसांत देण्याची तरतूद झाली, हे चांगलंच झालं. तरी घरात 82 वर्षांची आई असताना तीन महिने थांबण्याची वेळ आपण स्वतःहून का ओढवून घ्यायची? कायद्याची मर्यादा तुमच्या बँकेलाही तीच आहे. तिथे मालक केंद्र सरकार आहे, म्हणून तिथल्या 7 लाख 40 हजारांबद्दल मी तितका धास्तावत नाही.

पतसंस्थेचं एका वाक्यात : तिथल्या ठेवीला हा विमा लागूच नाही आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेखही नसते, म्हणून या पैशांतला एक रुपयाही तिकडे नको.

आता तुमच्याच शाखेकडे बघू. तुम्हीच लिहिलंय की तिथे एक वर्षाच्या मुदत ठेवीला 6.25 टक्के मिळतात. सहा लाखांच्या ठेवी केल्या आणि 1 लाख 40 हजार बचत खात्यात राहू दिले, तर ठेवींचे 37,500 आणि बचतीचे 3,500, मिळून 41,000. तिमाही चक्रवाढ मी धरलेली नाही. आज तुम्हाला त्याच पैशांवर 18,500 मिळतात. म्हणजे उंबरठा न ओलांडता वर्षाला साडेबावीस हजार जास्त, आणि सात टक्केवाल्या बँकेपेक्षाही 1,200 जास्त.

यात एक गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते, तीही सांगतो. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर 80टीटीए कलमाखाली 10,000 रुपयांपर्यंतचं व्याज करातून सुटतं, पण फक्त बचत खात्याचं. मुदत ठेवीला ती सवलत नाही. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर एकूण सुमारे 1,600 रुपये जास्त कर लागेल आणि नवी बँक सुमारे चारशे रुपयांनी पुढे जाईल. नव्या करप्रणालीत ही सवलत नाहीच, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. ठेवींचं व्याज वर्षाला 50,000 च्या आत असल्याने टीडीएस कापला जाणार नाही. विवरणपत्रात मात्र ते दाखवायचंच.

ठेव करताना सहा लाखांची एकच पावती करू नका. एकेक लाखाच्या सहा करा. आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तर एकच मोडायची, बाकीच्यांचा दर शाबूत राहतो. एक कोटीपर्यंतच्या वैयक्तिक ठेवी मुदतीआधी मोडू देणं बँकांना बंधनकारक आहे. त्यासाठी साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, तेवढं शाखेत विचारून घ्या. पाच वर्षांची करबचत ठेव मात्र मोडता येत नाही, तिच्या फॉर्मवर चुकून सही करू नका. 1 लाख 40 हजार म्हणजे तुम्ही लिहिलेल्या 40 हजारांच्या खर्चाने साडेतीन महिने निघतात. आणखी पैसे मोकळे ठेवायची गरज मला दिसत नाही.

कोणीतरी सुचवेल की ठेवी आईच्या नावे करा, ज्येष्ठांना साधारण अर्धा टक्का जास्त मिळतो. मिळतो खरा. पण मग ते पैसे आईचे होतात, आणि तुम्हाला भावंडं असतील तर उद्या त्यात त्यांचाही वाटा. 3,000 रुपयांसाठी हे करू नये असं माझं मत आहे.

आता सेवेबद्दल, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय आणि तो योग्य ठिकाणी अडकलाय. केंद्राच्या नियमाप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतनधारकाला 80 पूर्ण झाल्यावर मूळ रकमेच्या 20 टक्के वाढ मिळते. मूळ 14,000 असेल तर महिन्याला 2,800, त्यावर महागाई वेगळी. म्हणजे महागाई न धरताही वर्षाला 33,600 रुपये. त्या अधिकारीबाईंनी पाठपुरावा केला नसता तर हे पैसे किती महिने अडकले असते कोण जाणे. व्याजाच्या फरकापेक्षा ही रक्कम मोठी आहे. सेवेची किंमत रुपयांत मोजता येते आणि तुमच्या बाबतीत ती आईच्या निवृत्तिवेतनात आहे. 85 पूर्ण झाल्यावर ही वाढ 30 टक्के होते, ती तारीख आजच लिहून ठेवा.

मात्र राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकाऱ्यांची दर काही वर्षांनी बदली होते. बाई गेल्यावरही चालू राहील तीच सेवा धरायची. त्यासाठी दोन गोष्टी आत्ताच करून घ्या. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना 2017 पासून आहेत. आईची त्यात नोंदणी करा. आणि 80 च्या पुढच्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरच्या गर्दीत आईला उभं करू नका. मोबाइलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, होतो. दिवाळीत मुलगा आला की त्याच्याकडून शिकून घ्या. 2015 च्या कुंभमेळ्यातल्या पर्वण्यांना शहरात गाड्यांवर किती बंधनं होती ते तुम्हाला आठवत असेल. 2027 च्या सिंहस्थात आईला घेऊन द्वारका चौक ओलांडून गंगापूर रोडच्या शाखेत जाणं मला डोळ्यांसमोर आणवत नाही. चालत जाता येईल अशी शाखा ही या वयात खरी सोय आहे.

लॉकरही लक्षात घ्या. नव्या बँकेत तो लगेच मिळेलच असं नाही, आणि तीन वर्षांचं भाडं निघेल एवढी ठेव बँक मागू शकते. खात्याचं नामनिर्देशन लॉकरला चालत नाही, ते वेगळं करावं लागतं. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो : लॉकरवर कोणाचं नाव आहे? 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नावांपर्यंत देता येतात. खात्याला वाटा ठरवून एकत्र किंवा एकामागून एक, लॉकरला फक्त एकामागून एक.

खासगी बँकेच्या कॅशबॅकचं गणित छोटं आहे. 50 हजार तिथे अडीच टक्क्यांवर अडकले तर 6.25 टक्क्यांच्या ठेवीच्या तुलनेत वर्षाला 1,875 रुपये जातात. व्हाउचर एकदाच मिळतं, शिलकीची अट दरवर्षी राहते. शिवाय शिल्लक कमी पडल्याच्या दंडावर आणि कार्डाच्या वार्षिक शुल्कावर 18 टक्के जीएसटी. आणि मोठी शिल्लक दिसली की विमा पॉलिसीसाठी फोन सुरू होतात, हे माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी निवृत्त लोकांनी सोसलंय. निवृत्तीचे पैसे जमा होतील त्या महिन्यात तर कोणत्याही बँकेतल्या कोणाच्याही सांगण्यावरून काहीही सही करू नका.

तरीही दुसरं खातं मी तुम्हाला उघडायला सांगेन, वेगळ्या कारणासाठी. शून्य शिलकीचं खातं घ्या, त्यात दहा-पंधरा हजार ठेवा आणि भाजी, रिक्षा, वीजबिल यांचं यूपीआय फक्त त्याला जोडा. पगार आणि ठेवी असलेलं खातं यूपीआयवरून काढून टाका. फसवणूक झालीच तर हात त्या दहा-पंधरा हजारांपर्यंतच पोहोचेल. तसं काही झालं तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला कळवणं. तुमची चूक नसताना तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही, ओटीपी आपणच दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं आपलंच.

नवं खातं उघडताना फॉर्मवर एका चौकटीकडे नीट बघा : सरकारी अनुदानासाठी आधार या खात्याशी जोडायचं का? तिथे खूण केली की गॅसचं अनुदान जुन्या बँकेतून नव्या खात्यात वळतं, कारण थेट लाभासाठी आधार एका वेळी एकाच बँकेशी जोडलेलं राहतं. तिथे नाही म्हणा.

माझं मत बदलेल अशी एकच परिस्थिती आहे. शाखेने आईच्या घरपोच सेवेला टाळाटाळ सुरू केली, किंवा वाढीव निवृत्तिवेतनासारखं काम पुन्हा अडलं, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, शुल्क लागत नाही. त्यानंतरही फरक पडला नाही, तर चालत जाता येईल अशी दुसरी शाखा शोधा. तेव्हा आधी आईचं निवृत्तिवेतन नव्या खात्यात सलग दोन महिने जमा होऊ द्या, मग एलआयसीचा हप्ता आणि एसआयपीची मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी, बदला, प्राप्तिकराच्या परताव्यासाठीचं खातं पोर्टलवर बदला, आणि जुनं खातं सर्वांत शेवटी बंद करा.