आराखडा तयार आहे, लिहिणं अडलंय

प्रश्न : आठ महिने खपून मी पहिल्या कादंबरीचा आराखडा केला. चाळीस प्रकरणं, प्रत्येकाचं पानभर टिपण. गोष्ट तीन भावंडांची आहे. वडील गेल्यावर थोरल्याला घर विकायचंय, मधली अडून बसते. पण आता लिहायला बसले की सगळं आधीच सांगून झाल्यासारखं वाटतं. आराखडा फेकून देऊ का?

उत्तर : फेकू नका, पण काही दिवस नजरेआड ठेवा. तुमच्या टिपणांत 'भांडण होतं', 'समेट होतो' अशी वाक्यं असणार. माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या वहीतही होती. 'प्रकरण १२ : आई मुलीला खरं सांगते.' लिहीत लिहीत तिथवर पोचले, तोवर त्या आईला गप्प राहायची इतकी सवय झाली होती की ते वाक्य तिच्या तोंडी बसेना. तीन आठवडे मी तिला बोलतं करायला झटले. मग तिला गप्पच राहू दिलं आणि मुलीच्या हाती कपाटातली एक जुनी पावती लागू दिली. पुढची सत्तर पानं सलग लिहून झाली.

तेव्हापासून मी घटना आखत नाही. कोणता दिवस आहे आणि त्या दिवशी कोणाला काय ठाऊक आहे, एवढंच आखते. विल्यम फॉकनर यांनी 'अ फेबल' (१९५४) या कादंबरीचा आराखडा घरातल्या खोलीच्या भिंतीवर लिहिला होता, वारांच्या नावांखाली. एका आठवड्याची गोष्ट, म्हणून वार. मला हे फार पटतं. वारांची चौकट पक्की असली की माणसांना आत हवं तसं वागायला मोकळीक मिळते.

तुम्ही एक मोठा कागद घ्या. वर दिवस, डावीकडे तिघं भावंडं. प्रत्येक रकान्यात लिहा : आज याला काय कळलं आणि हा ते कोणापासून लपवतोय? वडिलांवर कर्ज असेल, तर थोरल्याला ते कधी कळलं? मधलीला कधी? या दोन तारखांमधले दिवस मन लावून लिहा. जो रकाना भरत नाही, तो तसाच कोरा ठेवा, ओढूनताणून भरू नका.

आणि धाकट्या भावंडाबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षरही नाही. भाऊ की बहीण, तेही कळत नाही. चाळीस टिपणं लिहूनही जे माणूस तुम्हाला अजून उलगडलेलं नाही, त्याच्यापासून उद्या सकाळी लिहायला घ्या.