दिनकर हे नाव आता पुन्हा चालेल का?

नेरूळच्या आमच्या इमारतीत लेकीच्या वयाची एक शेजारीण आहे. परवा ती जिन्यात थांबून म्हणाली, "काका, मुलाचं नाव त्याच्या पणजोबांचं ठेवावं असं मनात आहे, दिनकर. पण घरचे म्हणतात, बाळाला आताच आजोबा करून टाकशील. खरंच इतकं जुनाट वाटतं का? आणि लिहायचं कसं, दिनकर की दीनकर?" तेव्हा हातात भाजीच्या पिशव्या होत्या, घाईत जे सांगितलं ते अपुरं राहिलं. म्हणून आता नीट लिहितो.

लेखनाचं आधी. दि ऱ्हस्वच. दिन म्हणजे दिवस आणि तो करणारा तो दिनकर, म्हणजे सूर्य. दीन म्हणजे गरीब, केविलवाणा. गोंधळ होतो तो उच्चारामुळे. 'महाराष्ट्र दिन' असं आपण लिहितो, पण बोलताना 'दीन'च म्हणतो, कारण अशा शब्दातलं शेवटून दुसरं अक्षर मराठी जीभ आपोआप लांबवते. 'दिनाच्या' म्हटलं की तोच दि पुन्हा आखूड होतो. दिनकरमध्येही तो आखूडच राहतो, दिन्-कर. दीनानाथ मात्र दीनांचा नाथ, तिथे दी दीर्घच हवा.

आता जुनाटपणाचं. अमरकोश या संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात सूर्याची नावं एका ओळीने येतात. त्यात आदित्य, दिवाकर, भास्कर, प्रभाकर, मिहिर, अरुण ही सगळी आहेत. म्हणजे नावं म्हणून यांचं वय सारखंच. तरी आदित्य म्हटलं की पाठीवर सॅक लावलेला मुलगा दिसतो आणि प्रभाकर म्हटलं की निवृत्त हेडमास्तर. हे म्हातारपण शब्दात नाही. आपण ज्यांना त्या नावाने हाक मारली त्यांचे केस पांढरे झाले, आणि ते नावाला चिकटलं.

त्यातून 'कर'वाली नावं एकाच काळात फार झाली. दिनकर, मधुकर, सुधाकर, रत्नाकर, पद्माकर. आमच्या वडिलांच्या पिढीत घरटी एक तरी. कानाला ती एका साच्यातली वाटतात, पण आत डोकावलं तर निराळीच आहेत. दिनकर आणि मधुकर यांत 'कर' म्हणजे करणारा. मधुकर म्हणजे मध करणारा भुंगा. सुधाकरमधला कर म्हणजे किरण. ज्याचे किरण अमृताचे तो चंद्र. रत्नाकर आणि पद्माकर यांत मुळात कर नाहीच, तिथे आहे 'आकर', म्हणजे खाण किंवा साठा. रत्नांची खाण तो समुद्र, कमळांनी भरलेलं ते तळं. आणि नेरूळकर, पनवेलकर यांतला कर आपला मराठी, गावावरून माणूस ओळखणारा. त्याचा यांच्याशी संबंध नाही. इतकं वैविध्य आपण 'जुनी नावं' म्हणून एका गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे दिनकरचा दिनेश झाला. दिन अधिक ईश, अर्थ तोच. आता दिनेशही काकांच्या वयाचे झाले. सध्या पाळण्यात आरव पुष्कळ आहेत. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आणि मराठीत कोंबडा आरवतो हे आपल्याला ठाऊक आहेच. त्या नावाला मी नावं ठेवत नाही, गोड आहे ते. पण अर्थ बघून निवडायचं असेल तर दिनकर कुठेच कमी पडत नाही.

नाव परत येतं का? आपल्याकडे तर ती रीतच होती. धर्मानंद दामोदर कोसंबी यांच्या मुलाचं नाव दामोदर धर्मानंद, म्हणजे आजोबांचं नाव नातवाकडे आलं. ही रीत सुटली म्हणून दिनकर मागे राहिला. पण आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी राघव, माधव, केशव, मल्हार अशा हाका ऐकू येतात, आणि माझ्या तरुणपणी यातलं एकही नाव कुणी हौसेने ठेवत नव्हतं. जी परतली ती बहुतेक आटोपशीर आहेत. दिनकरही बोलताना राघवइतकाच आटोपशीर. पांडुरंग किंवा दत्तात्रेय यांच्यापेक्षा त्याची वाट सोपी आहे असं मला वाटतं.

शिवाय आपण कुठे राहतो ते बघ. इथल्या भूमिपुत्रांसाठी 'दिबा' म्हणजे दिनकर बाळू पाटील, जासईचे. १९८४ च्या जानेवारीतल्या शेतकरी आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, आणि पुढे नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला, त्या लढ्याचे ते नेते. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. उरण-पनवेल भागात हे नाव ऐकून कुणाला पेन्शनीतले आजोबा आठवणार नाहीत. तुमच्या मजल्यावरच्या तमिळ कुटुंबालाही ते परकं वाटणार नाही, त्यांच्याकडे दिनकरन आहेच.

एकच अडचण मला दिसते, शाळेची. रोमन अक्षरांवरून वाचणाऱ्या बाई पहिल्या दिवशी 'डिंकर' म्हणतील. त्याला सुरुवातीपासून 'दिन्-कर' असं ठासून सांगायला शिकव. घरी दिनू म्हणा, खुशाल म्हणा, पण दिनकर ही पूर्ण हाकही रोज कानावर पडू दे. आणि बारशाला ताटातल्या तांदळांवर अंगठीने नाव लिहाल तेव्हा वेलांटी पहिली.