दगड खाणीतून उचलण्यापूर्वी

नाशिक

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

उद्यानात उभ्या राहणाऱ्या 10 फुटी कलशधारी गोदावरीचे काम तुला मिळाल्याचे वाचून फार आनंद झाला. हत्यारे कोणती घ्यावीत आणि पॉलिश कुठवर न्यावे, असे तू विचारले आहेस. त्याबद्दल लिहीनच, पण आधी दगड आणि जागा यांविषयी लिहितो, कारण सार्वजनिक शिल्पाचे बरेचसे भवितव्य पहिला घाव पडण्याआधीच ठरलेले असते आणि त्या टप्प्यावर केलेली घाई पुढच्या कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाही.

आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. थराच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिओलाइट या खनिजाचे स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक मांडलेले आहेत. संग्राहकाला हर्ष देणारी तीच पोकळी मूर्तीच्या गालात निघाली, तर महिन्यांचे श्रम वाया जातात. म्हणून दगड थराच्या मधल्या भागातला, घट्ट आणि बारीक पोताचा घ्यावा. सुरुंगाने फोडलेला दगड खडीसाठी ठीक असतो, मूर्तीसाठी नव्हे. सुरुंगाच्या धक्क्याने आत पडलेल्या बारीक भेगा बाहेरून दिसत नाहीत आणि नेमक्या मान किंवा मनगट मोकळे करताना उघड्या पडतात. पाचरा ठोकून किंवा वायर सॉने, म्हणजे तारेच्या करवतीने, कापून काढलेला दगडच माग, त्यासाठी थांबावे लागले तरी थांब.

खाणीत गेलास की दगडाच्या सगळ्या बाजूंनी हातोडी वाजवून पाहा. निरोगी दगड खणखणीत वाजतो, तडा असलेला बद्द वाजतो. मग त्यावर बादलीभर पाणी ओत आणि तो वाळेपर्यंत तिथेच थांब. पृष्ठभाग हळूहळू राखाडी होत जातो, पण भेगेत शिरलेले पाणी उशिरा वाळते, त्यामुळे जिथे भेग असेल तिथे केसासारखी काळी रेघ मागे राहते. ती रेघ खडूने आखून ठेव, ती दगडाच्या दुसऱ्या बाजूला निघते का हे तपास आणि निघत असेल तर तो दगड सोडून दे, मग खाणमालक किंमत कितीही कमी करो. या एका परीक्षेबाबत तडजोड करू नये, असे माझे ठाम मत आहे.

वजनाचा हिशेबही तिथेच कर. 10 फूट उंच, 4 फूट रुंद आणि 3 फूट जाड दगड म्हणजे 120 घनफूट. घनफुटाला साधारण 80 किलो धरले तर साडेनऊ टनांच्या पुढे वजन जाते. कोपरे खाणीतच उतरवून घेतलेस तर क्रेन आणि ट्रेलर दोन्हींचा खर्च कमी होतो.

आता आराखड्याविषयी. तुझ्या रेखाचित्रात देवीचा उजवा हात कलश घेऊन अंगापासून बराच दूर गेला आहे. कागदावर तो डौलदार दिसतो, पण दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही, आणि असा लांबलेला हात पहिल्या धक्क्याला धोक्यात येतो. कलश कमरेशी टेकव. पांडवलेणीतील तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागात ओसरीचा भार खांद्यावर घेतलेले सहा यक्ष आहेत. ते पुन्हा एकदा शांतपणे पाहून ये. शरीराबाहेर काहीही न लोंबवता भाराची जाणीव किती पूर्ण उतरवता येते, हे तिथे कळते. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतीही पाहा, पण या वेळी कलेसाठी नव्हे, झिजेसाठी.

नाशिककर शिल्पाशी कसा वागतो, हेही लक्षात घे. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी चढले, यावरून इथे पुराचा अंदाज घेतला जातो. मूर्ती इथे नुसती पाहिली जात नाही, वापरात येते. तुझ्या गोदावरीलाही लोक हळद-कुंकू वाहतील, तेल लावतील, मुले तिच्या पायावर चढतील. ते चुकीचे आहे असे मला वाटत नाही. मात्र हात पोहोचेल त्या उंचीपर्यंत बोटे, दागिने, वस्त्राची टोके नाजूक आणि सुटी ठेवू नकोस. वस्त्राच्या चुण्यांना बाहेरच्या बाजूला उतार दे, म्हणजे पावसाचे पाणी खळग्यात साचून शेवाळ धरणार नाही. चौथऱ्यासह चेहरा पाहणाऱ्याच्या बराच वर जाईल, म्हणून डोके प्रमाणापेक्षा किंचित मोठे आणि पुढे झुकलेले घे. 2 फुटी नमुना तेवढ्याच उंचीवर ठेवून खालून पाहिल्याशिवाय प्रमाणे पक्की करू नकोस. नमुन्यातला 2 मिलिमीटरचा फरक दगडात 1 सेंटिमीटरचा होतो.

हत्यारांविषयी थोडेच. नको असलेला जादा दगड ग्राइंडर आणि डायमंड ब्लेडने काढायला हरकत नाही, परंतु शेवटचा अंगठाभर थर छिन्नीसाठी राख. त्या थरात छिन्नी तिरपी धर. सरळ उभा घाव बेसाल्टला आतपर्यंत ठेचतो आणि तो पांढुरका डाग कितीही घासले तरी पॉलिशमधून वर दिसतो. टाकीचे, म्हणजे छिन्नीच्या घावांचे, काम राखाडी दिसते आणि पॉलिश केलेला भाग काळाभोर. या फरकाचा उपयोग कर. चेहरा, हात आणि कलश गुळगुळीत ने, वस्त्र टाकीचेच राहू दे. सर्वांगाला आरशासारखे पॉलिश केले तर उन्हात नुसती चमक दिसते, आकार हरवतो. काळ्या दगडात मोकळी सिलिका वालुकाश्म किंवा ग्रॅनाइटच्या मानाने कमी असली, तरी मास्क आणि पाण्याची धार यांत कसूर नको, कारण सिलिकाची धूळ फुफ्फुसात जाऊन होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. हाताखालच्या कारागिरांनाही मास्क तूच विकत घेऊन दे.

चौथऱ्यात बसवताना साधी लोखंडी सळई वापरू नये. ती गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. स्टेनलेस स्टीलच्या सळयांचा खर्च अंदाजपत्रकात आत्ताच धर. वर्षातून एकदा साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुणे, ॲसिड आणि रंग कधीही न लावणे, ही अट करारात स्वतंत्र कलम म्हणून लिहून घे आणि ते काम कोणाकडे राहील हेही त्यातच नमूद कर. कराराचा मसुदा सही करण्याआधी मला पाठव. खाणीत जायचा दिवस ठरला की कळव, मी बरोबर येईन.

तुझा शुभचिंतक