बायपास झाल्यावर ओस पडलेल्या जुन्या रस्त्याचे आणि पुलाचे गावाने काय करावे?

परदेशातील शहरांत जुन्या उड्डाणपुलांच्या बागा आणि कलामंच झाले, तर बायपासमुळे रिकामा झालेला आपल्या गावचा जुना रस्ता आणि नाल्यावरील पूल यांचे तसे काही करता येईल का, असे आपण विचारले आहे. करता येईल; मात्र ज्या उदाहरणाची छायाचित्रे सर्वांत जास्त फिरतात, तेच आपल्या उन्हात सर्वांत कमी उपयोगाचे आहे, असे माझे मत आहे.

ते उदाहरण दक्षिण कोरियातील सोल शहराचे. तेथील रेल्वेस्थानकाजवळचा १९७० सालचा उड्डाणपूल वाहनांसाठी असुरक्षित ठरला आणि २०१७ मध्ये पादचाऱ्यांचे उद्यान म्हणून खुला झाला. सुमारे एक किलोमीटर लांबीवर हजारो झाडेझुडपे काँक्रीटच्या कुंड्यांत लावली आहेत. पण कुंडीतल्या झाडाची सावली ती किती पडणार? उन्हाळ्यात पूल तापतो, ही तक्रार तेथेही झालीच. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा अशा बागेत दुपारी कुत्रेही फिरकणार नाही. त्याच शहरात उन्नत मार्ग पाडून २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा ओढा मोकळा करण्यात आला. त्यात मुख्यतः हान नदीचे पाणी पंपाने आणून सोडावे लागते. शेतीपंपाच्या विजेसाठी रात्र जागणाऱ्या गावाने तो नाद न केलेला बरा.

आपल्याकडे मोठे भांडवल आधीच उभे आहे. चौपदरीकरणात नव्या मार्गावरची झाडे जातात, परंतु बायपासने टाळलेल्या जुन्या तुकड्यावरील चिंच, कडुनिंब, वड बहुधा शाबूत राहतात. म्हणून नवी बाग लावण्यापेक्षा जिथे दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींना भिडतात, तेवढाच पट्टा निवडावा, बुंध्यांभोवती पार बांधावेत आणि बाकीच्या रस्त्याला हात लावू नये.

हात लावू नये म्हणण्याचे कारण असे की, हा रस्ता खरोखर रिकामा नसतो. दिवाळीच्या सुमारास डांबरावर सोयाबीन वाळत घातलेले असते, कडेला दगड मांडून ढिगाची हद्द राखलेली असते, आणि आभाळ भरून आले की घरातले सगळे ताडपत्री घेऊन धावत सुटतात. तेथे फरशी आणि बाकडी बसवली, तर उद्घाटनानंतर पहिला विरोध शेतकऱ्यांचाच होईल, आणि तो रास्त असेल. यावर ब्राझीलमधील साओ पाउलोची तोड मला पटते. तेथील १९७१ सालच्या उन्नत मार्गावर कामाच्या दिवशी मोटारी धावतात. रात्री आणि शनिवार-रविवारी मार्ग बंद करून तो पायी चालणाऱ्यांना व सायकलस्वारांना मोकळा करतात. त्यासाठी बांधकाम लागले नाही, वेळ वाटून घ्यावी लागली.

कलेच्या बाबतीत तर आपण मागून शिकण्याच्या स्थितीत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने रात्रभर नाटके चालतात; वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचे माहेरघरच आहे. मंडपासाठी सपाट, कोरडी, वाहने न जाणारी जागा हवी असते, आणि जुना रस्ता नेमका तसा असतो. भिंतीचित्रांचा विचार असेल, तर अमेरिकेतील सॅन दिएगोच्या चिकानो पार्कचा (चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन) इतिहास अवश्य वाचावा. कोरोनाडो पुलाखालची जागा महामार्ग पोलिसांच्या ठाण्यासाठी जाणार हे कळताच, एप्रिल १९७० मध्ये वस्तीतील लोकांनी ती अडवून धरली आणि पुढे पुलाच्या खांबांवर आपलाच इतिहास रंगवला. चित्रकार बाहेरून आणून सुविचार लिहून घेण्यापेक्षा हे फार वेगळे आहे.

पुलाविषयी मात्र मी कठोर आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. जून २०२५ मध्ये पुण्याजवळच्या कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून माणसे दगावली. त्यामुळे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, झाल्याशिवाय जुन्या पुलावर कार्यक्रम, मंडप किंवा सेल्फी पॉइंट काहीही करू नये, आणि पावसाळ्यात पाणी चढणारा पूल असेल, तर ऑडिटनंतरही ते चार महिने तो बंद ठेवावा.

पहिले काम कागदाचे आहे. राष्ट्रीय महामार्गाचा बायपास झाल्यावर जुना भाग साधारणतः एकदा दुरुस्त करून राज्याच्या ताब्यात दिला जातो, पण प्रत्यक्ष हस्तांतरण रेंगाळू शकते. तेव्हा रस्ता आज कोणाकडे आहे, हे बांधकाम विभागाकडून लेखी घ्यावे आणि मगच ग्रामसभेत ठराव मांडावा. वाळवणाचे महिने, नाटकाचे दिवस आणि पाराभोवतीच्या झाडलोटीचा खर्च कोण करणार, हे त्या ठरावातच लिहून घ्यावे.